चौतिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकायला जाऊ का?

पिंपरीहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव आणि कंपनी काढून थोडक्यात देते. वय ३४, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहेत, आधी डिप्लोमा आणि मग नोकरी करता करता डिग्री केलेली. कंपनीचा मोठा कस्टमर जपानी. दर महिन्याला ऑनलाइन मीटिंग असते, दुभाषी मॅडम येतात, आणि ताईंना सारखं वाटतं की आपण पाच मिनिटं जीव तोडून सांगितलेलं तिकडे दोन वाक्यांत जातं. जपानी शिकायचं फार मनात आहे आणि समोर तीन रस्ते आहेत. एक, विद्यापीठाचा संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स, पण "वर्ष घालवून फक्त एन५, त्याला बाहेर कोण विचारतं?" (एन५ म्हणजे जपानीच्या परीक्षेची सगळ्यात खालची पायरी, एन४ तिच्या वरची, आकडा जसा कमी तशी पायरी वरची.) दुसरा, एका एजन्सीचा सहा महिन्यांचा फुलटाइम कोर्स, एन४ करून घेतो आणि जपानमध्ये नोकरी लावतो म्हणतात, फी दीड लाखाच्या वर आणि नोकरी सोडावी लागणार. तिसरा नवऱ्याचा सल्ला, मोबाइलवर अ‍ॅप टाक आणि घरी बसून शिक. घरी पाच वर्षांची मुलगी आहे, सासूबाई म्हणतात या वयात कसली शाळा. आणि शेवटी लिहितात, "माझं इंग्रजीच कच्चं आहे हो, जपानी कुठून झेपणार? वर्गात सगळी कॉलेजची मुलं असतील, मी काकू दिसेन त्यांच्यात."

ताई, आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला नको. पहिला रस्ता धरा, विद्यापीठाचा संध्याकाळचा. पण तुम्ही तो ज्या कारणासाठी कमी लेखताय ते कारण आधी बाजूला करायला हवं, कारण तेच मनात घेऊन वर्गात बसलात तर दिवाळीपर्यंत गळाल. मी स्वतः संध्याकाळच्या बॅचला शिकवते. ऑगस्टमध्ये बाकं भरलेली असतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मागच्या दोन रांगा रिकाम्या होतात, हे दर वर्षीचं आहे. गळणारी मुलं मठ्ठ असतात असं अजिबात नाही, बऱ्याचदा ती सगळ्यात हुशार असतात, पण त्यांनी मनात ठरवलेलं असतं की चार महिन्यांत आपण अ‍ॅनिमे सबटायटलशिवाय बघणार, आणि चार महिन्यांनी त्यांना फक्त "मी काल स्टेशनवर गेलो" एवढंच म्हणता येतं.

"वर्ष घालवून फक्त एन५" याचा हिशोब करून बघू. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची जी परीक्षा कंपन्या विचारतात ती १९८४ पासून आहे. २००९ पर्यंत तिच्या चार लेव्हल होत्या आणि प्रत्येक लेव्हलला साधारण किती तास अभ्यास लागतो याचा अंदाज दिलेला असायचा. सगळ्यात खालच्या लेव्हलला १५० तास, तिच्या वरच्या लेव्हलला ३००, मग ६०० आणि सगळ्यात वरच्या लेव्हलला ९००. २०१० मध्ये पाच लेव्हल झाल्या, मधे एन३ घातली, आणि आजची एन५ म्हणजे ढोबळमानाने जुनी सगळ्यात खालची, एन४ म्हणजे तिच्या वरची. (९०० हा आकडा मला फारच आशावादी वाटतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जपानीला वर्गाचे २२०० तास धरते. पण खालच्या दोन लेव्हलचे आकडे माझ्या अनुभवाला पटतात.)

आता संध्याकाळचा वर्ग समजा आठवड्याला चार तास आहे आणि सुट्ट्या वगळून ३५ आठवडे भरतो, तर झाले १४० तास. म्हणजे वर्षाला एन५ हे कुणी तुम्हाला रखडवत नाहीये, तेवढ्याच तासांचं तेवढं फळ आहे. पण तुम्ही घरी रोज अर्धा तास बसलात, फक्त अर्धा, तर वर्षाचे होतात १८० च्या वर. बघा, वर्गापेक्षा घरचे तास जास्त झाले! दोन्ही मिळून ३२० म्हणजे एन४ च्या दारात. त्यामुळे कोर्स कुठला घ्यावा या प्रश्नापेक्षा दोन वर्गांच्या मधले दिवस तुम्ही काय करणार हा प्रश्न मोठा आहे, आणि तो तिन्ही रस्त्यांना सारखाच लागू आहे.

आता इंग्रजीचं. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचली कारण ती मी फार जणांकडून ऐकते, खास करून मराठी मीडियममधून आलेल्यांकडून, आणि ती मुळातच उलटी आहे. जपानी इंग्रजीतून शिकायची असते असं आपण गृहीत धरतो कारण पुस्तकातल्या नोट्स इंग्रजीत असतात. पण वाक्याची ठेवण बघाल तर जपानी तुमच्या मराठीच्या जवळची आहे. क्रियापद शेवटी. "मी चहा पितो" मधला क्रम तसाच्या तसा. इंग्रजीत शब्दाच्या आधी लागणारं इन, टू, फ्रॉम हे जपानीत शब्दाच्या मागे लागतं, आपल्या -त, -ला, -हून सारखं. "पुण्याहून आलो", "घरी जातो", तसंच. "काल आलेला माणूस" हे इंग्रजीत सांगायचं तर माणूस आधी आणि मग हू घालून शेपूट लावावी लागते, जपानीत "किनोउ किता हितो", काल आलेला माणूस, संपलं.

आणि याच्याही पुढे एक गंमत आहे जी मी प्रत्येक बॅचला साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात शिकवते आणि दर वेळी वर्गात मराठी मुलांचे चेहरे उजळतात. "ताबेते मिरु". ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघणे! इंग्रजी पुस्तकात याला एक अख्खा पॅरेग्राफ खर्च केलेला असतो, की इथे बघणे म्हणजे डोळ्यांनी बघणे नव्हे तर प्रयत्न करणे वगैरे, आणि आपल्याला ते आजी स्वयंपाकघरातून सांगायची तेव्हापासून माहीत आहे. "काइते ओकु", लिहून ठेवणे. "वासुरेते शिमाउ", विसरून जाणे. "मोत्ते कुरु", घेऊन येणे, "मोत्ते इकु", घेऊन जाणे. हे सगळं इंग्रजीतून समजून घेणारा मुलगा तक्ता पाठ करतो आणि तुम्ही नुसतं ओळखता. म्हणून माझी एक कळकळीची विनंती, वहीत अर्थ मराठीत लिहा. सर किंवा मॅडम इंग्रजीत सांगत असले तरी मराठीत लिहा. मी माझ्या वर्गात हे सक्तीने करून घेते, आधी इंजिनिअर लोक लाजतात आणि मग त्यांचीच वाक्यं सगळ्यात आधी सुटसुटीत होतात.

हिरागानाचा तक्ता बघाल तेव्हाही असंच होईल. आ इ उ ए ओ, मग क ची ओळ, मग स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या वळणाचा आहे कारण तो संस्कृतच्या, बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे बसला असं मानतात. म्हणजे पहिल्याच आठवड्यात डिक्शनरी कशी लावलेली आहे ते तुम्हाला कळतं. र्‍हस्व-दीर्घाचंही तेच, "बिरु" म्हणजे बिल्डिंग आणि "बीरु" म्हणजे बिअर, शाळेत र्‍हस्व-दीर्घाचे मार्क कापून घेतलेल्या आपल्या कानाला हा फरक लवकर कळतो.

अवघड काय आहे तर कांजी, ती चित्रलिपीसारखी अक्षरं. ती कुणालाच सोपी नाहीत. जपानी सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २१३६ आहेत, एन५ ला शंभरेक आल्या तरी भागतं. तिथे तुमची मराठी कामाची नाही आणि इंग्रजीही कामाची नाही, तिथे रोज चौकटीच्या वहीत हात फिरवणं एवढंच आहे, आणि मला विचाराल तर ज्यांना रोज ड्रॉइंग वाचायची सवय आहे त्यांची नजर तिथे पक्की असते.

यावरून तुमच्या कामाकडे येते. तुम्ही पत्रात एन५, एन४ असंच सगळं लिहिलंय पण मला तुमचं दुःख दुसरंच दिसतं, ते त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये आहे. तुम्हाला नोकरी बदलायची आहे का त्या मीटिंगमध्ये नीट बसायचं आहे, हे आधी स्वतःला विचारा. दोन्हीला जपानी लागतं पण दोन्हीचा अभ्यास वेगळा आहे. दुभाषी म्हणून कमवायचं तर साधारण एन३ पासून सुरुवात आणि बऱ्या पैशांसाठी एन२, म्हणजे तुमच्या तासांच्या हिशोबात तीन ते पाच वर्षं धरा. मीटिंगमध्ये काय चाललंय ते कळायला मात्र इतकं थांबावं लागत नाही.

कसं ते सांगते. जपानीत परदेशी शब्दांसाठी काताकाना नावाची वेगळी लिपी आहे, ४६ मूळ अक्षरं, आणि तुमच्या धंद्यातले कितीतरी शब्द त्यातच लिहिलेले असतात. बोल्ट म्हणजे बोरुतो, नट म्हणजे नात्तो, सँपल म्हणजे सानपुरु, ब्रेक म्हणजे बुरेएकी, लाइन म्हणजे राइन. काताकाना दोन-तीन आठवड्यांत येते. एक जागा सगळे अडखळतात ती आत्ताच सांगून ठेवते, "शि" आणि "त्सु" ही अक्षरं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. शि मध्ये दोन बारीक रेघा एकाखाली एक आणि मोठी रेघ खालून वर जाते, त्सु मध्ये दोन बारीक रेघा शेजारी शेजारी आणि मोठी रेघ वरून खाली येते. नुसतं बघून पाठ करायला गेलात तर महिनाभर चुकाल, हाताने योग्य दिशेने ओढलीत तर दोन दिवसांत सुटेल. ते झालं की कस्टमरकडून आलेलं जुनं ड्रॉइंग काढा आणि बसा वाचत, जेवढं कळतंय तेवढ्यावर पेन्सिलने खूण करा. (वही घरी न्या, कंपनीचं ड्रॉइंग नको.)

मग तुमच्या टेबलावरचे शब्द. केन्सा म्हणजे तपासणी, फुर्यो म्हणजे डिफेक्ट, झुमेन म्हणजे ड्रॉइंग, कोउसा म्हणजे टॉलरन्स, नोउकी म्हणजे डिलिव्हरीची तारीख, ताइसाकु म्हणजे काउंटरमेजर. हे कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सच्या पहिल्या वर्षात येणार नाहीत, तिथे विद्यार्थी, पेन्सिल, रेल्वे स्टेशन चालू असेल, पण तुम्ही एक छोटी वही करा आणि आठवड्याला पाच शब्द स्वतःचे घाला. कायझेन (सुधारणा), गेंबा (कामाची जागा), मुदा (वाया जाणं), पोका-योके (चूक होऊच न देणं) हे तर चाकणच्या लाइनवरचा हेल्परसुद्धा बोलतो, म्हणजे तुम्ही अगदी कोऱ्या पाटीने जात नाही आहात. आणि मीटिंगमधली एक गोष्ट भाषा यायच्या आधीच माहीत असलेली बरी. समोरचा "हाइ, हाइ" म्हणतोय म्हणजे तो ऐकतोय, कबूल करतोय असं नाही, आणि "केन्तो शिमास", विचार करतो, असं म्हणून विषय पुढे गेला तर बऱ्याचदा ते सभ्य भाषेतलं नाही असतं. दुभाषी मॅडमनी ते "दे विल कन्सिडर" असं बरोबरच सांगितलं असेल आणि तरी तुमचा मॅनेजर खूश होऊन बाहेर पडला असेल.

दुभाषी मॅडमबद्दल एवढंच म्हणेन की पाच मिनिटांचं दोन वाक्यांत होणं यात दर वेळी त्यांचा दोष नसतो. टेक्निकल गोष्ट ज्याला स्वतःला कळलेली नाही त्याला ती लांब सांगता येत नाही. पुढच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांना तुमचा मुद्दा एका पानावर लिहून द्या, फोटोसकट, शक्य असेल तर पार्ट हातात द्या. हे उद्यापासून करता येतं आणि त्याला एकही कांजी लागत नाही. आणि याच्यातच तुमचं बळ आहे, ज्याला प्रोसेस कळते आणि शिवाय जपानी कळते असा माणूस कंपन्यांना पटकन मिळत नाही. म्हणून नोकरी सोडून निव्वळ ट्रान्सलेटर होण्याचा विचार मनात असेल तर तो मला पटत नाही, तुमची दहा-बारा वर्षांची क्वालिटीची समज ही तुमच्या जपानीची अर्धी किंमत आहे, ती तुम्ही दारातच काढून ठेवाल.

आता एजन्सी. सहा महिन्यांत एन४ हे अशक्य अजिबात नाही, आधी तेही सांगायला हवं. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, सहा महिने म्हणजे सहाशे तास होतात, बावीस वर्षांचा मुलगा बाकी काही न करता बसला तर आरामात होईल. जपानला माणसं हवी आहेत हेही खरंय. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या जाण्यायेण्याचा आराखडा केला, त्यात भारतातून ५० हजार कुशल लोक तिकडे जावेत असं आहे, त्यामुळे गल्लोगल्ली असे क्लास निघालेत आणि त्यातले काही नीट कामही करतात. पण तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारा. नोकरी कुठल्या व्हिसावर? कारण एन४ घेऊन जो रस्ता सर्रास दाखवतात तो स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांचा असतो, भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ चा. त्याच्या पहिल्या प्रकारात साधारण पाच वर्षं राहता येतं आणि नवऱ्याला किंवा मुलांना सहसा सोबत नेता येत नाही. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे ताई! हे त्यांनी तुम्हाला सांगितलं का? पदवीधर इंजिनिअरचा व्हिसा वेगळा असतो, त्यात कुटुंब नेता येतं, आणि तुमच्याकडे डिग्री आणि अनुभव दोन्ही आहे. म्हणजे उद्या जपानला जायचंच ठरवलंत तरी तुमचा रस्ता हा नाही. व्हिसाचं नाव, कामाचं नाव, पगार आणि मधेच सोडलं तर फी परत किती, हे चार मुद्दे जो लेखी देत नाही त्याच्याकडे दीड लाख भरू नका, हे मी तुम्हालाच नाही, ज्या ज्या घरात असा मुलगा-मुलगी क्लास शोधतेय त्या सगळ्यांना सांगतेय.

अ‍ॅपबद्दल नवऱ्याशी भांडू नका, अ‍ॅप चांगलं असतं. हिरागाना, काताकाना, शब्द, कांजी, हे बसमध्ये उभ्या उभ्या होतं. फक्त ते तुम्हाला थांबवत नाही. तुम्ही "वा" च्या जागी "गा" वापरलंत (हे शब्दामागे लागणारे प्रत्यय) तर लाल रंग दाखवेल, का ते समजावणार नाही, आणि तुमचा उच्चार गाडी पकडायच्या घाईत गिळला जातोय हे त्याला कळणार नाही. वर्गात समोरचा माणूस तुमच्याकडे बघत वाट बघतो तेव्हा जे तोंडातून निघतं ते अ‍ॅपसमोर निघत नाही. शिवाय जेएलपीटीला बोलायची परीक्षाच नाही, सगळे पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे निव्वळ त्या परीक्षेसाठी शिकलेली मुलं एन३ घेऊन येतात आणि फोन वाजला की दुसऱ्याला देतात. विद्यापीठाच्या वर्गात बहुतेक ठिकाणी तोंडी परीक्षाही असते, आणि तुम्हाला तर मीटिंगमध्येच बोलायचंय.

कुठे जायचं तर तुमच्यासाठी पुण्यात पर्याय भरपूर आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथे जपानीचे पार्टटाइम कोर्स पायरीपायरीने वर जातात, सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग त्याच्या पुढचा. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा वेगळा विभाग आहे, सिंबायोसिसच्या भाषा संस्थेतही छोटे कोर्स चालतात. सर्टिफिकेटला बहुतेक ठिकाणी बारावी पास एवढं पुरतं. प्रवेश साधारण जून-जुलैत सुरू होतात, या वर्षीची फी आणि बॅचच्या वेळा जाऊन किंवा वेबसाइटवर बघून घ्या. निवडताना नाव किती मोठं यापेक्षा दोन गोष्टी बघा, एका बॅचला किती मुलं घेतात आणि कामावरून सुटून तुम्ही तिथे वेळेत पोचता का. चाकणची जनरल शिफ्ट सुटून नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून सहाला डेक्कनला पोचणं हे रोजचं युद्ध होईल. कंपनीच्या बसने पिंपरी किंवा भोसरीला उतरून मेट्रो धरली, जिल्हा न्यायालयाला बदलली आणि डेक्कनला उतरलात तर निदान वेळेचा अंदाज बांधता येतो, आणि मेट्रोत कार्डं काढून वीस कांजी होतात. तरी जमत नसेल तर शनिवार-रविवारची बॅच शोधा, थोडं हळू चालेल पण गाठ पडेल. दमलेल्या मंगळवारीसुद्धा तुम्ही ज्या वर्गाला पोचू शकता तो वर्ग तुमच्यासाठी चांगला.

परीक्षेचं वेळापत्रक असं धरा. जेएलपीटी वर्षातून दोनदा असते, जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यात ती जपानी शिक्षकांची संघटना घेते, जाल्टॅप म्हणतात तिला. अर्ज काही महिने आधी निघतात आणि जागा पटापट भरतात, त्यामुळे वर्गातला ग्रुप असेल तिथे लक्ष ठेवा. ऑगस्टला वर्ग सुरू झाला तर लगेच डिसेंबरला एन५ द्यायची घाई नको, पुढच्या जुलैला द्या. १८० पैकी ८० ला पास, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ आणि उरलेल्यात १२० पैकी ३८ वेगळे मिळावे लागतात, एकात गेलात की गेलात. बहुतेक जण ऐकण्यात मार खातात कारण घरी फक्त वाचतात. त्या रोजच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं कानाला द्या, पाठ्यपुस्तकाचंच ऑडिओ पुन्हा पुन्हा, पोळ्या करताना चालेल. एन५ झाली की एन४ पुढच्या डिसेंबरला किंवा त्याच्या पुढच्या जुलैला, आणि मग तुम्हाला स्वतःलाच कळेल की एन३ कडे जायचंय की मीटिंगपुरतं पुरे आहे. आणि कोर्स सुरू करायच्या आधी एचआरला विचारून ठेवा, जपानी कस्टमर असलेल्या बऱ्याच कंपन्या फी परत करतात, फक्त कुणी विचारत नाही.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. कोल्हापूर, नांदेड, मडगाव कुठेही असाल आणि जवळ विद्यापीठाचा जपानीचा वर्ग नसेल तर जपान फाउंडेशनचं मिनातो नावाचं ऑनलाइन शिकण्याचं ठिकाण आहे, त्यात फुकट कोर्सही आहेत, आणि त्यांचंच इरोदोरी हे पुस्तक ऑडिओसकट फुकट उतरवून घेता येतं. पण एकटे करू नका, गावात दोघं-तिघं तरी जमवा आणि आठवड्यातून एकदा समोरासमोर बसा. ज्यांना फक्त दोन आठवडे फिरायला जायचंय त्यांनी वर्षाचा कोर्स घेऊच नये, तीस-चाळीस तासांचा छोटा कोर्स आणि काताकाना एवढ्यावर हॉटेल, स्टेशन, मेनूकार्ड निभतं.

काकू दिसण्याचं राहिलं. माझ्या बॅचमध्ये बारावीची मुलं असतात, आयटीवाले असतात, बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत ज्यांची नात ओसाकात जन्मली. पहिल्या आठवड्यात सगळे आपापल्या वयाच्या माणसाशेजारी बसतात आणि पहिल्या डिक्टेशननंतर ज्याची वही नीट त्याच्या शेजारी बसतात. तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायका गृहपाठ करून येतात आणि प्रश्न विचारायला लाजत नाहीत कारण त्यांनी स्वतःच्या पैशांनी फी भरलेली असते, शिकवणाऱ्याला असे चार जण वर्गात असले की फार आधार वाटतो.

आणि घरी. तुम्ही सगळं लिहिलंत पण कुणाला स्पष्ट विचारलंय असं पत्रात कुठे दिसलं नाही, सासूबाई काय म्हणतात आणि नवरा काय म्हणतो एवढंच आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलीचं जेवण आणि झोप कोण बघणार हे एकदा तिघांनी बसून वारासकट ठरवा. "जमेल तसं बघू" यावर सोडू नका, जमेल तसं म्हणजे शेवटी तुम्हीच लवकर घरी येणार. नवऱ्याला अ‍ॅपवर इतका विश्वास आहे तर त्या दोन संध्याकाळी मुलीला झोपवून झाल्यावर त्यांनीही हिरागाना करावी, घरात दोघांना येत असेल तर तुम्हाला शब्द विचारायला कुणीतरी मिळेल. सासूबाईंना पटवत बसू नका, तारखा सांगा, जुलैत परीक्षा आहे, तोपर्यंत मंगळवार आणि गुरुवार मी साडेआठला येणार. रानड्यात चौकशीला जाल तेव्हा मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका बघायला मागा, आणि नवीन बॅच चालू असेल तर एक तास मागे बसू देता का तेही विचारा, काही ठिकाणी बसू देतात.